दोन चमचे ताकद

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रेसमध्ये आरोग्य तपासणी. मीटिंगच्या टेबलावर पांढरी चादर, कंपनीचे डॉक्टर, एक नर्स. रक्त दिलं, वजन दिलं. मग नर्सने हातात एक मूठ असलेलं यंत्र दिलं आणि जीव खाऊन आवळा म्हणाली. आवळलं. आकडा आला एकोणीस. माझ्यामागे पॅकिंगमधल्या मावशी होत्या, वय अठ्ठावन्न. त्यांनी नर्सशी गप्पा मारत मारत आवळलं. एकतीस.

मावशी म्हणाल्या, माझ्या वेळी मशीन बिघडलं असेल. या दयेची गरज नव्हती.

घरी येईपर्यंत विचार केला. वय चोपन्न. तीस वर्षं लेबलांची प्रूफं तपासतोय. औषधं, साबण, लोणी, कीटकनाशक, जे काही डब्यात किंवा बाटलीत बसतं त्यावरचं अक्षर न् अक्षर माझ्या नजरेखालून जातं. एवढ्या वर्षांत भिंग, पेन्सिल आणि चहाचा कप यापलीकडे जड काही उचललेलं नाही. स्नायू येणार कुठून? दोष माझा नाही, नोकरीचा आहे.

निश्चय : तीन महिन्यांत चाळीस. मावशींच्या देखत.

५ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी खास बोलावून घेतलं. पाणी पुरेसं प्या म्हणाले. बाकी विशेष काही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर आणखीही काही म्हणाले होते, नोंद असावी म्हणून लिहितो. क्रिएटिनीन नावाची एक गोष्ट एक पूर्णांक तीनच्या आत हवी, माझी एक पूर्णांक नऊ आहे. बीपी थोडं वर. गुडघ्यासाठी मी ज्या दोन गोळ्या रोज घेतो त्या बंद करा, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचलं. क्रिएटिनीन स्नायूंमध्ये तयार होतं. हे डॉक्टरांनी सांगितलंच नाही. म्हणजे स्नायू जास्त तर क्रिएटिनीन जास्त. माझे स्नायू मर्यादेच्या वर आहेत, फक्त झोपलेले आहेत. त्यांना खायला घातलं की उठतील. प्रोटीन पावडर घेणार.

बायकोला सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते, परत न आलेल्या पुस्तकांची तिला आधीच काळजी असते.

८ फेब्रुवारी, शनिवार

जिमच्या खालच्या पावडरच्या दुकानात गेलो. दुकानदाराचे दंड माझ्या मांडीएवढे. मी त्याचं नाव दंडवाला ठेवलं. मला वाटलं, हा गळ्यात डबा बांधूनच सोडणार. पण त्याने आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. शुगर आहे का, बीपी आहे का, लिव्हर, किडनी, कुठली औषधं चालू आहेत. मी म्हटलं, तसं काही नाही. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाला, काका, पन्नाशीनंतर रक्त तपासल्याशिवाय मी डबा देत नाही, रिपोर्ट घेऊन या, आपण मिळून बघू.

दुकानदाराने गिऱ्हाइकाला परत पाठवायचं म्हणजे धंद्याची समजच नाही. ऑनलाइन मागवणार.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून अभ्यास. प्रकार तीन. दुधापासूनची, सोयाबीनची, वाटाण्याची. प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध शेकडो माणसं तावातावाने लिहितायत. एकाचं पोट बिघडलं, दुसऱ्याचं त्याच डब्याने सुधारलं. दोघांनीही स्वतःच्या पोटाचे फोटो टाकलेत.

अशा वेळी ज्याने त्याने आपली विद्या वापरावी. मी लेबलं मोठी करून पाहिली. एकावर लाल रंग अर्धा मिलिमीटर सरकलेला. बाद. दुसऱ्यावर एकच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हेने. बाद. तिसरा डबा काळा, त्यावर सोनेरी फॉइल, बारीक टाइपसुद्धा स्वच्छ, एक काना इकडचा तिकडे नाही. जो माणूस लेबलावर एवढी मेहनत घेतो तो आतल्या मालात कसा घोळ घालेल? काळा डबा मागवला. दोन किलोचा.

बायकोने विचारलं, एवढं काय बघताय. म्हटलं, ऑफिसचं काम. तसं खोटंही नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डबा आला. बायको शाळेत होती. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात जुन्या प्रुफांमागे ठेवला. आई आतल्या खोलीत होती, तिने विचारलं, काय आलं? म्हटलं, कागद. ती म्हणाली, कागद असा खुळखुळतो होय.

आईने एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू, पण कान अजून ड्यूटीवर आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

आरंभ. दोन चमचे पावडर, एक ग्लास दूध. चव ओल्या पुठ्ठ्यावर चॉकलेट सांडल्यासारखी. पण अंगात लगेच काहीतरी झालं. काय ते सांगता येणार नाही.

व्यायाम उद्यापासून. आधी शरीरात माल भरू दे, मग बांधकाम.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज एक महत्त्वाचा विचार आला. आई किती वाळलीय. मनगटं बघवत नाहीत. जेवायला बसली की चार घास खाते आणि ताट सरकवते. घरात ताकदीचा डबा असताना मी एकट्याने प्यायचं हे कुठल्या मुलाला शोभेल?

बायको सातला येते, मी साडेपाचला. संध्याकाळी सहाला आईला दुधातून दोन चमचे दिले. काय आहे विचारलं तर म्हटलं, ताकद. ती हळूहळू प्यायली. ग्लास घेऊन जायचा म्हणून मी तिच्या पलंगाशी बसून राहिलो. तिने वर्तमानपत्रातलं शब्दकोडं काढलं, मी चौकोन वाचून दाखवले. सात शब्द सुटले.

आईची एक वैद्यकीय फाईल आहे. ती बायको सांभाळते. निळी, जाडजूड. त्यात काय असणार, म्हातारपणात असतं तेच. उघडली नाही. बायकोला उगाच शंका आली असती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसऱ्यांदा रक्त द्यायची तारीख उलटून गेली. आता देण्यात अर्थ नाही, पावडरचा परिणाम अर्धवट दिसेल. पूर्ण कोर्स झाला की एकदाच देऊ.

गोळ्या बंद करून पाहिल्या. दीड दिवस. जिना उतरताना गुडघ्याने असहकार पुकारला. व्यायामासाठी गुडघा लागतो, गुडघ्यासाठी गोळी लागते. सरळ हिशेब आहे. गोळ्या पुन्हा चालू.

२६ फेब्रुवारी, बुधवार

प्रेसमध्ये योगायोग. नेमकं एका प्रोटीन पावडरच्या लेबलाचं प्रूफ माझ्या टेबलावर. सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या टाइपात, एका ओळीत 'मूत्रपिंडा'ची वेलांटी चुकलेली. पहिली दुसरी झाली होती. तिघांच्या नजरेतून सुटली होती, मी पकडली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. म्हणाले, तुमच्यासारखं वाचणारं माणूस आता मिळत नाही.

आनंदात दोन जिने चढलो. मध्ये थांबलो, पण चढलो.

५ मार्च, बुधवार

प्रगती. वजन दोन किलोने वाढलं. मोजे घट्ट होतायत, काढले की इलॅस्टिकचा ठसा राहतो. पोटऱ्या भरल्या. सोळा दिवसांत एवढं, तेही व्यायाम न करता. व्यायाम केला असता तर पँट फाटली असती.

थकवा जास्त वाटतो. साहजिक आहे. आत बांधकाम चालू असताना घरमालकाला विश्रांती कशी मिळेल?

आईच्याही पायांना भर आलीय. दाखवलं तर ती म्हणाली, ही भर नाही रे, सूज आहे. जुनी माणसं. चांगलं झालेलं ओळखता येत नाही.

शब्दकोडं रोज चालू. तिने आज तिच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली. एका बाईने घाबऱ्याघुबऱ्या आवाजात दवाखान्याचा नंबर मागितला आणि आईने चुकून शेवटचा आकडा बदलून जोडला. पलीकडून कापडाच्या दुकानाने फोन उचलला. पुढे त्या बाईचं काय झालं ते कळलंच नाही. आई म्हणाली, चूक झाली हे मला त्याच क्षणी कळलं होतं, पण मी लाईन तोडली आणि पुढचा कॉल घेतला. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे त्यात, असं मी म्हटलं. तिने पुढचा चौकोन विचारला.

१२ मार्च, बुधवार

कंपनीच्या डॉक्टरांचा प्रेसमध्ये फोन. रक्त का दिलं नाही? म्हटलं, आईच्या तब्येतीमुळे वेळ झाला नाही. ते म्हणाले, आई आजारी आहेत का? म्हटलं, नाही, छान आहेत. मग म्हणाले, या आठवड्यात नक्की या. हो म्हटलं.

लघवीला साबणासारखा फेस येतो. जास्तीचं प्रोटीन बाहेर पडत असणार. म्हणजे शरीर पोटभर जेवलंय. तरी, सकाळी आरशात डोळ्यांखाली सूज दिसली तेव्हा थोडं कसंतरी झालं. बल्ब बदलायला हवा, सगळी सावली खाली पडते.

१९ मार्च, बुधवार

आई जेवत नाही. नुसतं दूध घेते माझ्या हातचं. बायको म्हणाली, अहो, आईंना डॉक्टरकडे नेऊ या, चेहरा बघा कसा झालाय. म्हटलं, ऋतू बदलतोय. तोंडातून निघून गेलं खरं.

आईला जेवण जात नाही म्हणजे पोषण कमी पडतंय. दोनाचे तीन चमचे केले.

२२ मार्च, शनिवार

आईला सकाळपासून उलट्या. दुपारी जुलाब. बायकोने सगळं केलं, चादरी बदलल्या, पाणी चमच्याने पाजलं. मी दाराशी उभा होतो. बायको म्हणाली, काल काय खाल्लं होतं त्यांनी? म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी दूध दिलं नाही. एक दिवसाचा खंड. पोटाला आराम.

शब्दकोडं आई म्हणाली नको. डोळे मिटून पडून होती. मी सहा ते साडेसहा तसाच बसलो.

२४ मार्च, सोमवार

आईला ॲडमिट केलं. सकाळी ती मला बाबांच्या नावाने हाक मारत होती. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. बायकोने निळी फाईल काखेत मारली आणि टॅक्सी बोलावली. मी आईला उचलून जिना उतरवायचं ठरवलं. चार पायऱ्यांवर माझाच श्वास संपला. टॅक्सीवाला आणि बायको, दोघांनी खुर्चीत बसवून नेलं.

हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, आवाज शांत. फाईल उघडून म्हणाल्या, यांच्या किडन्या दोन वर्षांपासून अशक्त आहेत, आतापर्यंत छान सांभाळल्यात, मग एकदम काय झालं? नवीन काही चालू केलं होतं का? काढा, चूर्ण, पावडर, कुणी सुचवलेलं काही?

बायको म्हणाली, काहीच नाही. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

म्हटलं, तसं काही नाही.

२५ मार्च, मंगळवार

रजा. आईला सलाइन. आज शुद्धीवर आहे, ओळखते.

काल सांगितलं नाही याची कारणं लिहून ठेवतो. एक, बायको घाबरली असती. दोन, पावडरचा संबंध आहे हे सिद्ध झालेलं नाही. तीन, त्या डब्यावर कुठे काही

मॅडम राउंडला आल्या आणि त्यांनी आईलाच विचारलं. आई म्हणाली, मीच खाल्लं. शेजारणीने कसलीशी पूड दिली होती, नाव माहीत नाही, घरात कुणाला सांगितलं नाही. बायको आश्चर्याने म्हणाली, शेजारीणबाई तर दोन महिन्यांपासून मुलीकडे गेल्यात. आई म्हणाली, त्याच्या आधी दिली होती.

मी खिडकीबाहेर बघत होतो. पार्किंगमध्ये एक माणूस गाडीच्या काचा पुसत होता. त्याने चारही काचा पुसल्या तरी मी वळलो नाही.

२६ मार्च, बुधवार. सकाळी ९.४०

डबा पिशवीत घालून नेला. कॉरिडॉरमध्ये बायको दिसली. तिला म्हटलं, मॅडमना भेटायचंय. तिने पिशवीकडे पाहिलं. काय आहे विचारलं नाही.

मॅडमच्या टेबलावर डबा ठेवला. पाच आठवडे, दोन चमचे, मग तीन, असं सांगितलं. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या कुणाचं प्रूफ मोठ्याने वाचावं तसा. बायको शेजारी उभी होती. तिने निळी फाईल छातीशी धरली होती.

मॅडमनी डबा फिरवला आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

"हे वाचलं नव्हतं का तुम्ही?"

म्हटलं, तपासलं होतं.

त्यांना कळलं नाही. बायकोला कळलं. ती बाहेर जाऊन बसली.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, प्रोटीन वाईट नसतं, वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाला कधी कधी द्यावंही लागतं. पण कुणाला, किती, कुठलं, हे त्या माणसाचं रक्त बघून ठरतं. या डब्यात प्रोटीनबरोबर आणखी बरंच काही आहे. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं आणि आधीच दमलेल्या किडन्या आणखी दमल्या. वेळेवर आणलंत, दोन-तीन दिवसांत उतार पडेल.

वेळेवर बायकोने आणलं. हे मी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

२८ मार्च, शुक्रवार

आईने आज अर्धी वाटी पेज खाल्ली. मी कोपऱ्यात उभा होतो. मॅडम तिचे पाय दाबून बघत होत्या, सूज उतरतेय म्हणाल्या. जाता जाता त्यांची नजर माझ्या चपलांवर गेली. बसा म्हणाल्या. पँट वर करा म्हणाल्या. अंगठ्याने माझी नडगी दाबली आणि सोडली. खड्डा पडला. तसाच राहिला. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडे बघत बसलो.

म्हणाल्या, तुम्हीही घेत होतात? म्हटलं, आधी मीच.

रक्त दिलं.

२९ मार्च, शनिवार

आईचं क्रिएटिनीन एक पूर्णांक सात. माझं तीन पूर्णांक एक.

मॅडम म्हणाल्या, तुमच्या आईच्या किडन्या आज तुमच्यापेक्षा बऱ्या चालल्यात. किडनीच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली. मला पुन्हा विचारलं, आधी कधी रक्त तपासलं होतं का? सांगितलं, फेब्रुवारीत, आणि रिपोर्ट चांगला नव्हता.

बायको तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, फेब्रुवारीचा तो कागद कुठे आहे? खणातून काढून दिला. तिने एक नवीन फाईल आणली, माझं नाव घातलं आणि तो कागद पहिला लावला. फाईल पण निळीच.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

आई घरी. खोलीत गेलो, पण हात रिकामे, म्हणून बसावं की नाही कळेना. तिने पलंगाची कड थोपटली.

बराच वेळ गेल्यावर विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, झाकण उघडल्याचा आवाज रोज येतो की. आणि त्याने पोटात ढवळतं हेही चौथ्या दिवसापासून कळत होतं. मग प्यायलीस का म्हणून विचारताना माझा आवाज चढला. तिचा नाही.

"तू रोज अर्धा तास बसायचास. नाही म्हटलं असतं तर ग्लास घेऊन उठला असतास."

तिच्या उशाचं वर्तमानपत्र मी उलगडलं.

शब्दकोडं सोडवलं. चार शब्द. एक अजूनही चुकलेला आहे, दोघांच्याही लक्षात आलंय.

२ एप्रिल, बुधवार

किडनीच्या डॉक्टरांकडे. बायकोच्या ग्रंथालयाची तपासणी होती, म्हणून आई म्हणाली, मी येते. नको म्हटलं. ती आधीच चपला घालून बसली होती.

डॉक्टरांनी विचारलं, गुडघ्याच्या गोळ्या किती दिवस घेताय? म्हटलं, अधूनमधून, दोन-तीन महिने. शेजारच्या खुर्चीतून आई म्हणाली, रोज सकाळ-संध्याकाळ, दोन वर्षं आणि चार महिने, पाकीट फोडल्याचा आवाज येतो. डॉक्टरांनी माझं खोडलं आणि आईचं लिहिलं.

बाकी सगळं त्यांनी नीट सांगितलं. गोळ्या आजपासून बंद, पावडर बंद, मीठ कमी, पाणी मोजून. गेलेलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही म्हणाले, आहे ते राखता येईल. किती राहिलंय ते पुढच्या तपासण्यांत कळेल. दोन आठवडे घरी, मग पुन्हा रक्त. प्रोटीन किती खायचं याचा कागद दिला. मी भिंग काढायला खिशात हात घातला, मग तसंच राहू दिलं आणि त्यांना म्हटलं, तुम्हीच वाचून सांगा. त्यांनी वाचलं. मी ऐकलं. आईनेही.

३ एप्रिल, गुरुवार

प्रेसमध्ये रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, आईची तब्येत. सवयीने पुन्हा एकदा वाचला. अक्षर बरोबर, शुद्धलेखन बरोबर. 'आईची' खोडून 'माझी' केलं.

साहेबांनी अर्ज वाचला. खाडाखोड पाहून म्हणाले, तुमच्या कागदावर पहिल्यांदाच पाहतोय. मग विचारलं, आई कशा आहेत आता?

म्हटलं, आई छान आहे.